तार्गाचा रस्ता आणि बादलची वेळ

निघताना बायकोनं बॅगेत ठेच्याची बरणी घातली आणि मी माझं स्टॉपवॉच. तुरिनला पोरीच्या घरी बॅग उघडली तर बरणी फुटलेली, तीन शर्टांना लसणाचा वास, आणि स्टॉपवॉच ठणठणीत. पोरगी म्हणाली, "बाबा, घड्याळ वाचलं ना तुमचं, मग झालं." बरणी वाचली असती आणि घड्याळ फुटलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, हे तिला कसं सांगणार?

मी राहतो अकोल्यात. बाळापूरकडच्या एका शाळेत एकतीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. पोरगी मनीषा, घरातली मनू, तिकडे इटलीत तुरिनला एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे नकाशे काढते. चार वर्षं बोलावत होती आणि मी चार वर्षं टाळत होतो. कधी गुडघा, कधी घराचा रंग, कधी उन्हाळा. पण यंदा फोनवर ती सहज म्हणाली, "बाबा, इथं खाली सिसिलीत एक लई जुनी मोटार शर्यत व्हायची. डोंगरातून. सगळ्या गाड्या एकदम नाही सोडायचे. एक गेली की थांबून दुसरी. जिंकलं कोण ते घड्याळावर. आपल्या शंकरपटासारखंच की नाही?"

मी म्हणालो, येतो.

शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वऱ्हाडातली ही बैलजोडीची शर्यत. शेतात सरळ पट्टी आखतात. हलकी गाडी, दोन बैल, आणि वर एकटा हाकणारा, त्याला म्हणतात धुरकरी. एका टोकाला झेंडी पडते, दुसऱ्या टोकाला सूत बांधलेलं असतं. झेंडी पडली की स्टॉपवॉचचं बटण दाबायचं, जू सुताला लागलं की पुन्हा दाबायचं. आता मशिनं आली आहेत. तेव्हा माणसाचा अंगठा होता, आणि आमच्या पंचक्रोशीत तो अंगठा माझा होता. शाळेचं स्टॉपवॉच माझ्याकडं असायचं ना, मग बोलवा मास्तरले! फेटा बांधायचे, खुर्ची द्यायचे. मला ते आवडायचं, खोटं का बोलू.

बावीस वर्षांपूर्वी अमरावतीकडच्या एका गावी मोठा पट होता. शेवटच्या फेरीत दोन जोड्या उरल्या. एक माझ्या सख्ख्या मेहुण्याची आणि दुसरी शालिकची. शालिक म्हणजे शालिकराम, माझा पहिलीपासूनचा दोस्त. त्याचे बैल होते बादल आणि शेरा. बादल त्यानं गोऱ्हा असल्यापासून हातावर वाढवलेला. आधी मेहुण्याची जोडी पळाली, मग शालिकची. निकाल मेहुण्याकडं गेला, अर्ध्या सेकंदाच्याही आतल्या फरकानं. मानाची झूल मेहुण्याच्या बैलावर पडली. शालिकनं सगळ्या लोकांत माझी गचांडी धरली. "मेहुण्यासाठी घडी फिरवली बे विन्या तू!" मी म्हणालो, "घडी खोटं बोलत नाही." त्यानंतर शालिक माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि ती जोडी त्यानं पुन्हा कुठल्याच पटावर नेली नाही. वऱ्हाडातली सगळ्यात वेगवान जोडी पुढं दहा वर्षं वखर ओढत राहिली.

घडी मी फिरवली नव्हती. पण चूक माझीच होती, आणि ती काय होती ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

चेर्दा

पालेर्मोला विमानातून उतरून मनूनं भाड्याची गाडी घेतली. उजव्या बाजूनं गाड्या चालतात हे माहीत होतं, तरी पहिला तासभर मी मांडीवर हात घट्ट धरून बसलो. डावीकडं समुद्र, उजवीकडं डोंगर. संत्र्यांचे मळे दिसले तेव्हा मोर्शी-वरूडची आठवण आली. रस्त्यालगत एकानं संत्री मांडली होती, तिथं थांबलो. कापून दिलं तर आतून लालभडक! मी म्हणालो, "बाप्पा, हे तं टरबूज निघालं." चव मात्र आपल्याच नागपुरीची धाकटी बहीण, जराशी आंबट स्वभावाची.

शर्यत जिथून सुटायची ती जागा खाली समुद्राच्या बाजूला आहे. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे लांबलचक बाक, समोर गाड्या उभ्या करायच्या खोल्या, वर पुसट झालेले आकडे. शर्यतीला इथले लोक नुसतं 'तार्गा' म्हणतात. तार्गा म्हणजे पाटी. एका श्रीमंत घराण्यातल्या तरुणाला मोटारींचं वेड लागलं, त्यानं एकोणीसशे सहा साली ही शर्यत भरवली आणि बक्षीस म्हणून एक नक्षीची पाटी ठेवली. कप नाही, ढाल नाही, पाटी! मनू हे सगळं मोबाईलवर वाचून सांगत होती. मी बाकावर बसलो. भेगांतून गवत आलं होतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिनं आमच्याकडं बघून मान हलवली. एवढा मोठा पट आणि आता एक कुत्रं, असं वाटून मला उगीच वाईट वाटलं.

चेर्दा हे त्या वाटेवरचं पहिलं गाव. तिथल्या चौकात आर्टिचोकचा भलामोठा पुतळा आहे. आर्टिचोक म्हणजे काटेरी पाकळ्यांचं बोंड. आपल्याकडं कापसाचं बोंड, यांच्याकडं हे, आणि हे खातात! मनूनं एक भाजलेलं मागवलं. पाकळी तोडायची, दातांनी खालचा गर ओढायचा, बाकी फेकून द्यायची. अर्धा तास मेहनत केली तेव्हा पोटात चमचाभर गेलं. मी म्हणालो, "मनू, एवढ्यात आपल्या घरी दोन भाकरी आन् वांग्याचं भरीत झालं असतं." ती हसली. लहानपणी हसायची तशीच.

पुढचा रस्ता काय सांगू! वळणावर वळण, वळणात वळण. एके ठिकाणी दरड कोसळून अर्धा रस्ताच खाली गेलेला, उरलेल्या अर्ध्यावरून मनूनं गाडी काढली आणि मी गजानन महाराजांचं नाव घेतलं. पुढच्या वळणावर दीडशे मेंढ्या आडव्या. त्याच्या पुढच्या वळणावर मला ओकारी झाली. सगळं आर्टिचोक डोंगराला परत केलं. एकतीस वर्षं पोरांना 'छाती पुढं, पोट आत' सांगणारा मास्तर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, आणि मेंढपाळ पाण्याची बाटली घेऊन धावत आला. पाठीवरून हात फिरवत तो काहीतरी म्हणाला. मनूनं सांगितलं, "तो म्हणून राहिला, काळजी नका करू, मोठमोठ्या शर्यतवाल्यांचं पण इथं असंच व्हायचं."

काल्ताव्हुतुरो

नाव घेतानाच दम लागतो, मग गावात चढताना काय लागत असेल! घरं एकावर एक चढलेली, मागं उघडा खडक. मनूच्या कारखान्यातल्या एकाचे काका इथं राहतात. साल्वो काका. वय ऐंशीच्या पुढचं, डोक्याला लोकरीची टोपी, हातात काठी. त्यांनी शर्यतीच्या शेवटच्या काही वर्षांत घड्याळ सांभाळलं होतं. घरातल्या गॅरेजमध्ये गाडी नाही, नुसते फोटो, झेंडे आणि जुनी घड्याळं. एवढी घड्याळं एकदम बघून मला देवळात गेल्यासारखं झालं.

आधी खायला बसवलं. ताजा रिकोटा, आपल्या खरवसाच्या जवळपास जाणारा, पण बिनगोडाचा. तिळाचा पाव. तळलेल्या वांग्याचे काप. वांगं दिसलं तसा माझा जीव भांड्यात पडला.

साल्वो काका बोलू लागले, मनू मराठीत सांगू लागली. त्यांच्या आजोबांनी पहिली शर्यत पाहिली होती. दहा गाड्या. रस्ता नुसता मातीदगडांचा, आपल्या पांदणीसारखा. दर दहा मिनिटांनी एक गाडी सुटायची. तीन फेऱ्या, आणि जिंकणाऱ्यालाही नऊ तासांवर लागले. गावात दवंडी दिली होती, शेळ्या-कोंबड्या घरात कोंडा, पोरांना धरून ठेवा. आजोबा सकाळपासून भिंतीवर बसले. गाडी यायची ती धुळीचा लोट घेऊन, दिसायची क्षणभर, पुन्हा शांत. पुढं गेलेली गाडी खरंच पुढं आहे की घड्याळात मागं, हे बघणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता.

"मग माणसं काय बघायची?" मी विचारलं.

साल्वो काका म्हणाले, "गाडी बघायची. निकाल आमचा, गाडी त्यांची. घड्याळवाल्यानं मात्र गाडी बघायची नसते. त्यानं रेघ बघायची."

मनूनं ते मराठीत सांगितलं आणि माझ्या हातातला पाव हातातच राहिला.

जेवण झाल्यावर मी खिशातून स्टॉपवॉच काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा बदलला, बटण दोनदा दाबून पाहिलं, कानाशी नेलं. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "कोलेगा!" मनू म्हणाली, "बाबा, ते तुम्हाला सहकारी म्हणून राहिले." नाही म्हटलं तरी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, दुसरं घड्याळ कुठं आहे? त्यांच्याकडं एका रेघेवर एकाहून जास्त घड्याळं आणि जास्त माणसं असायची. मी म्हणालो, आमच्याकडं एकच होतं. त्यांनी भुवया वर केल्या.

"मग चूक झाली असेल कधी," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. इतक्या पटकन की मनूनं माझ्याकडं बघितलं.

साल्वो काका हसले. म्हणाले, माझी झाली आहे. तार्गात नाही, शेजारच्या डोंगरावरच्या एका लहानशा शर्यतीत. त्या दिवशी घरी बायको बाळंत होणार होती, माझं लक्ष उडालं, बटण उशिरा दाबलं गेलं. तो गडी तिसरा यायचा तो पाचवा आला. अंधार पडायच्या आत मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. त्यानं मला दारात उभं करून अर्धा तास शिव्या घातल्या. माझ्या आईला, बापाला, जन्मलेल्या पोराला. शेजारीपाजारी खिडक्यांत. मग दम लागला तसा म्हणाला, आत ये, जेवण निवतंय. तोच पुढं चर्चमध्ये माझ्या पोराचा धर्मपिता, म्हणजे मानलेला बाप, झाला.

मनू हे हसत हसत सांगत होती. मला हसू येईना. एवढं सोपं होतं? दारात जाऊन अर्धा तास उभं राहायचं, एवढंच? मी शालिकला शिव्यासुद्धा देऊ दिल्या नाहीत. त्यानं गचांडी धरली, तेवढ्यावर रुसून बसलो. लोकांनी माझी गचांडी सोडवली तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण त्यानं मला विकला गेलेला ठरवलं होतं, आणि मला वाटलं, आता बोललो तर लोक म्हणतील, बघा, मास्तर कबूल झाला. फेटा उतरवायची हिंमत झाली नाही, दुसरं काही नाही.

"मनू," मी म्हणालो, "यांना सांग, माझी पण झाली आहे."

"काय?"

"चूक. शालिककाकाच्या जोडीच्या वेळी."

शालिकला मनू ओळखत होती. ती चौथीत असेपर्यंत तो दर हिवाळ्यात तिच्यासाठी ओल्या हरभऱ्याचे डहाळे आणायचा. मग एकाएकी यायचा बंद झाला. तिनं खूपदा विचारलं होतं आणि आम्ही प्रत्येक वेळी काहीतरी सांगून टाळलं होतं.

मी सांगितलं. त्या दिवशी शालिकची जोडी सुटली, आणि असं पळणं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. बादलचे पाय जमिनीला लागतच नव्हते. धुरकऱ्याला काठी उचलावी लागली नाही, शेपटीला हात लावावा लागला नाही. दोन्ही जनावरं एका श्वासात येत होती. मी सुताकडं बघायला हवं होतं. मी बैलांकडं बघत राहिलो. सूत तुटलं, जोडी पुढं निघून गेली, लोक ओरडले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अंगठा दाबायचाच राहिला. दाबला. घड्याळात जो आकडा आला तो मी वाचून दाखवला.

मनूनं हे सगळं इटालियनमध्ये सांगितलं. बापाची चोरी पोरीच्या तोंडून परक्या भाषेत ऐकताना मला एक शब्द कळत नव्हता, तरी मान वर करवत नव्हती.

साल्वो काकांनी एकच प्रश्न विचारला. "तो माणूस जिवंत आहे?"

"आहे. माझ्या घरापासून तासाभरावर राहतो."

"मग तू एवढ्या लांब माझ्याकडं कशाला आलास?"

निघताना त्यांनी कागदात गुंडाळून रिकोटा दिला आणि स्टॉपवॉच माझ्या खिशात स्वतःच्या हातानं घातलं. परतीच्या वळणांवर मनू म्हणाली, "बाबा, मला वाटायचं की माझंच काहीतरी चुकलं, म्हणून शालिककाका यायचे थांबले." पुढचे चार दिवस आम्ही आणखी गावं फिरलो, समुद्रही बघितला. त्यातलं फार काही आठवत नाही.

बाळापूर रोड

मेच्या मध्यावर अकोल्याला परतलो. रेल्वेतून उतरलो तर फलाटावर भट्टी लागलेली. दोन दिवसांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि सकाळीच बाळापूरच्या बसनं निघालो. फाट्यावर उतरून शालिकच्या वावरापर्यंत चालत गेलो. काळी जमीन उन्हानं भेगाळून पडली होती, पेरणीला अजून वेळ होता.

शालिक विहिरीजवळच्या निंबाखाली दोर वळत बसला होता. केस पांढरे झालेले, अंग तसंच काटक. मला बघून त्यानं दोर खाली ठेवला नाही.

"काय बे मास्तर, रस्ता चुकला का?"

बावीस वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य हे. मी उभाच राहिलो. बस म्हणाला नाही, मग बसणार कसा? सिसिलीत शिकलेलं तेवढंच होतं, दारात उभं राहायचं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बादलचे पाय, सूत, अंगठा. शेवटी म्हणालो, "तुही जोडी जितली होती शालिक. मी पायतच रायलो. बटन दाबाचंच ध्यानात नाही रायलं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. आई, बाप, काय वाटेल ते. त्यानं दोर बाजूला ठेवला.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तू मले लोकात विकलेला म्हनला. राग आला मले."

"मी रागात बोललो बे. तुह्यावर मले कधी शक नाही आला. तू घडी फिरवशीन? तू? घरी आल्यावर मी इच्यार केला, विन्याची घडी खोटी असूच शकत नाही. म्हन्जे जोडीच कमी पडली."

"मंग बोलला काहून नाही माह्याशी?"

"लाज वाटे ना! लोकात तुही गचांडी धरली, आन् हारला तं माहाच बैल." मग त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "त्या रात्री म्या बादलले मारलं. जिंदगीत पयल्यांदा. चाबकानं. म्हन्लं, तुह्यापायी दोस्त गेला. तो हालला बी नाही. नुसता पायत रायला माह्याकडं."

निंबाची एक काडी खाली पडली. माझ्या फेट्याची किंमत मी मोजली असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ती मोजली होती एका मुक्या जनावरानं.

"कुठं हाय तो?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, बैल एवढं जगत नाहीत.

शालिक उठला. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला बाभळीखाली जमीन थोडी उंच होती, वर दोन सपाट दगड. तिथपर्यंत तो पुढं आणि मी मागं. तो उकिडवा बसला, दगडावरची वाळलेली पानं हातानं सारली आणि तळवा मातीवर ठेवला.

"सांग त्याले," तो म्हणाला. "मले नको सांगू."

मी खाली बसलो. खिशात हात घातला, स्टॉपवॉच हाताला लागलं, ते बाहेर काढलं नाही. तळवा शालिकच्या हाताशेजारी मातीवर ठेवला. शालिकनं वाट बघितली. मग तोच मातीवर वाकला आणि पोराला उठवावं तशा हळू आवाजात म्हणाला, "आयकलं का रे बादल? मास्तर म्हनते, तू जितला होता."